तापलेला दांडा

सकाळी बाबा गेले. दुपारी शेजारच्या सुमनकाकू पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या. "आतला डाव तापलाय गं, बेतानं," त्या म्हणाल्या. तरी मी दांडा धरलाच आणि बोटं पोळली.

डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून भेटायला येणारा जो तो एकच बोलतोय, "आधीपासून कल्पना होती, मनाची तयारी झाली असेल." दहाव्यांदा ऐकल्यावर मी उठून आत गेले.

माझा अभ्यास ताऱ्याताऱ्यांमधल्या पोकळीतल्या विरळ वायूचा. तारा फुटला की त्या वायूतून धक्क्याची लाट निघते, आवाजापेक्षाही वेगानं. पुढच्या वायूला एरवी तिची चाहूलसुद्धा लागत नाही. पण उष्णता लाटेच्याही पुढे सरकते, डावाच्या दांड्यातून सरकते तशीच, आणि लाट पोचण्याआधी पुढचा वायू तापू लागतो. उष्णता भरपूर वाहिली, तर लाट येते तेव्हा तापमान एकदम उडी घेत नाही, ते आधीच चढलेलं असतं. इथवर लोकांचं बरोबर आहे. आम्हीही इतके महिने तापतच होतो.

पण म्हणून लाट यायची थांबत नाही. ती आली की तोच तापलेला वायू एका क्षणात चेंगरून दाट होतो. ही उडी काही टळत नाही. हे मी कितीदा गणितात मांडलंय, आणि बाहेरच्या खोलीत कुणाला सांगणार?

संध्याकाळी काकू पातेलं न्यायला आल्या. माझी बोटं बघून म्हणाल्या, "अगं, सांगितलं होतं ना तुला?"

"हो काकू," मी म्हणाले, "सगळ्यांनीच सांगितलं होतं."