बसरा रस्त्यावरचा फर्स्ट क्लास थांबा

सन १९५८. माझं वय एकोणतीस, शिक्षण तिसरी (नापास), आणि अख्ख्या कुवेतमध्ये माझ्याएवढा शहाणा माणूस दुसरा नव्हता. निदान मला तरी भेटला नव्हता.

मी लॉरी चालवायचो. आमच्या अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, आठ लॉऱ्या कुवेत ते बसरा धावायच्या. जाताना बंदरावरचा माल, येताना टोमॅटो, कलिंगडं आणि खजूर. आता माझा नातू कुवेतमध्येच महबूल्यात राहतो. तो गाडी चालवताना फोनवर बोट फिरवतो, कुठल्या पंपावर जेवण चांगलं, कुठं संडास स्वच्छ, ते बघतो आणि तिकडं गाडी वळवतो. मी म्हणतो, ह्यात अक्कल कुठं आली? आमच्या वेळी थांबा निवडणं ही विद्या होती, विद्या! रस्ता अर्धा डांबरी, अर्धा देवाच्या भरवशावर. वाटेत कुणी ताडपत्री ताणून चहा उकळत बसलेला असायचा, तेच हॉटेल, तीच धर्मशाळा, तेच गॅरेज.

माझ्या तीन कसोट्या ठरलेल्या. पहिली, पाणी. जिभेवर टाकून बघायचं. खारट लागलं तर पोटालाही नको आणि रेडिएटरलाही नको. दुसरी, उभ्या लॉऱ्या. तीन असतील तर भात ताजा, दहा असतील तर भात संपला! तिसरी, आचाऱ्याचं पोट. बारीक आचाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. त्याला स्वतःचंच जेवण जात नाही, ते मला कसं जाणार? आणि बसण्याआधी सरळ चुलीपाशी जाऊन झाकण उघडायचं. हा आम्हा ड्रायव्हर लोकांचा हक्क होता. कुणी रागावत नसे.

तर त्या साली मार्चमध्ये माझे सासरे गावाहून आले. रत्नागिरीकडच्या खाडीवरचे जुने तांडेल. तीस वर्षं गलबतावर खलाशी हाकले, आणि जमिनीवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना आदर नव्हता. लॉरीबद्दल नव्हता, उंटाबद्दल नव्हता, जावयाबद्दल तर नव्हताच. गावी कुणीतरी त्यांचे कान भरले होते की, तुमचा जावई आठवड्याचे पाच दिवस रस्त्यावर असतो, कांदा-रोटी खातो आणि लॉरीखाली झोपतो. तुमची लेक तिथं एकटी भिंती बघत बसते.

(हे सगळं खरं होतं. म्हणूनच मला इतका राग आला.)

बनेद अल-गारला आमच्या दोन खोल्या होत्या. सासरे आत आले, चटईवर टेकले आणि खिशातून दोन तिकिटं काढून समोर ठेवली. परतीच्या आगबोटीची. एक त्यांचं, एक माझ्या बायकोचं, रुकियाचं.

"रविवारी बोट आहे," ते म्हणाले. "बाय माझ्याबरोबर येईल."

"का म्हणून?" मी विचारलं.

"जिथं घरधन्याच्याच जेवणाचा पत्ता नाही, तिथं लेक ठेवून करू काय?"

रुकियाला लग्नानंतर चार वर्षांनी मी कुवेतला आणू शकलो होतो. तिला येऊन जेमतेम सात महिने झालेले. घरात शिरल्यावर कुणीतरी "आलात?" म्हणतं, ह्याची मला आता कुठं सवय लागत होती. पण हे बोलून दाखवील तो मी कसला! मी म्हणालो, "मामू, कोण म्हणतो मी कांदा-रोटी खातो? बसऱ्याच्या रस्त्यावर एकेक थांबा असा आहे की मुंबईचं हॉटेल झक मारेल! गालिचे! मटण! गोडं पाणी! शुक्रवारी चला, दाखवतो."

सासरे आत हात धुवायला गेले तशी रुकिया हळूच म्हणाली, "अहो, खरं काय ते सांगून टाका ना बाबांना. मी त्यांना समजावते."

"तू गप बस. असा एक थांबा आहे. मुतलाच्या चढाच्या पलीकडं."

"तुम्ही तिथं जेवलात?"

मी लॉरीची किल्ली शोधायला लागलो. तिथं मी एकदा पाणी प्यालो होतो. बाकी सगळं इतर ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलेलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. केबिनमध्ये मी, खिडकीशी सासरे, मध्ये रुकिया. जहरा गाव मागं पडलं, मुतलाचा चढ चढलो. हवा काय सुंदर होती! थंडी ओसरलेली, वाळवंटावर हिरवी लव उगवलेली, मेंढरं चरतायत. आज तो रस्ता आठ पदरी झाला असेल, पण तसा वारा काही आता येत नसणार. मी खुशीत स्टिअरिंगवर ताल धरला आणि थांब्याच्या जागी लॉरी उभी केली.

तिथं तीन काळे दगड होते, आणि थोडी राख.

"हेच का ते गालिचे?" सासऱ्यांनी विचारलं.

मी खाली उतरून दगडांभोवती फिरलो, जणू थांबा त्यांच्या खाली असेल. चहावाला गाशा गुंडाळून कुठं गेला होता कुणास ठाऊक! जवळच एक मेंढपाळ उभा होता. रुकिया म्हणाली, "त्याला विचारा ना." मी म्हणालो, "मी सात वर्षं ह्या रस्त्यावर आहे. मेंढपाळाला विचारू?" आणि लॉरी डांबरावरून काढून सरळ वाळूत घातली.

तासभर फिरलो. ऊन डोक्यावर आलं. सासरे नुसते क्षितिजाकडं बघत होते, आणि दर दहा मिनिटांनी एवढंच म्हणत होते, "उत्तर दिशा मागं राहिली, जावई."

आणि तेवढ्यात दिसला! पांढराशुभ्र तंबू. एक नाही, चार! समोर दोन मोटारी, एक लॉरी (म्हणजे तीन गाड्या, भात ताजा), पाण्याचा टँकर, आणि बाजूला धुमसणारी चूल.

"हाच तो!" मी ओरडलो. "मोठा केलाय त्यानं! धंदा वाढलेला दिसतोय!"

लॉरी थेट तंबूच्या दारात लावली. हॉर्न दोनदा वाजवला. आतून एक उंच म्हातारा बाहेर आला. दाढी पांढरी, अंगात स्वच्छ पायघोळ तोब, हातात कॉफीची पितळी किटली. मी सासऱ्यांच्या कानाशी लागलो, "बघा, मॅनेजर स्वतः आलाय." म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून सलाम केला आणि आत बोलावलं. एक बाई येऊन रुकियाचा हात धरून तिला बाजूच्या तंबूत घेऊन गेली.

"बायकांची सोय वेगळी!" मी म्हणालो. "आहे का मुंबईत?"

आत खरोखरच गालिचे होते! लाल, जाड, पाय रुतेल असे. सासरे बसले नाहीत. ते तंबूच्या दोराची गाठ बोटांनी चाचपून बघत राहिले. मी म्हणालो, "मामू, दोर काय बघता, गालिचा बघा." मग मॅनेजरनं ओतलेली कॉफी मी तोंडाला लावली आणि गिऱ्हाइकानं सुरुवातीलाच वचक बसवावा म्हणून मान हलवली. "पातळ आहे," मी अरबीत म्हणालो.

म्हाताऱ्यानं नम्रपणे दुसरी किटली मागवली.

मग मी चुलीकडं गेलो. आचारी चांगला गरगरीत होता, तिसरी कसोटी पास! झाकण उचललं, मटणाचा एक तुकडा तळहातावर घेतला, चाखला. "मीठ कमी," मी म्हणालो. आचारी माझ्याकडं असा बघत राहिला, जणू पातेल्यातून मीच बाहेर आलोय. परत येऊन बघतो तर सासरे आणि मॅनेजर डोक्याला डोकं लावून बोलत होते. मला बघितल्यावर दोघंही गप्प झाले.

जेवण आलं. बापरे! दोघांनी उचलून आणलेला थाळा, त्यात भाताचा डोंगर आणि डोंगरावर अख्खं कोकरू! आणखी चार-पाच माणसं आमच्याबरोबर जेवायला बसली. मला वाटलं, मोटारींचे ड्रायव्हर. सासऱ्यांनी मनापासून ताव मारला. मॅनेजर स्वतः मऊ मऊ तुकडे तोडून त्यांच्यापुढं सारत होता. माझी छाती गालिच्यापेक्षा रुंद झाली. आणि मग माझी जीभ सुटली!

"रेडिएटरमध्ये पाणी घाल," मी मॅनेजरला सांगितलं. "पण गोडं. खारं चालणार नाही."

शेजारी बसलेला एक पोरगेला माणूस ताडकन उठणार होता. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, स्वतः डबा घेतला, भर उन्हात जाऊन माझ्या लॉरीत पाणी ओतलं आणि परत येऊन मला सलाम केला.

"सर्व्हिस बघा, मामू!" मी मराठीत म्हणालो. "म्हातारा जरा हळू आहे, पण कामाचा आहे."

सासऱ्यांना ठसका लागला.

"भात अडकला?" मी विचारलं.

"नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "चालू दे तुमचं."

चालू दे म्हटल्यावर मी कशाला थांबतोय! मी लोडाला टेकलो, म्हाताऱ्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "तुझा थांबा मी पास केला. उद्यापासून माझ्या अरबाबच्या आठही लॉऱ्या इथंच थांबतील. सोळा माणसं. दिवसाआड. मीठ तेवढं वाढव."

"अहलान," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांना घेऊन ये."

"आणि आता हिसाब सांग," मी म्हणालो आणि खिशात हात घातला.

जेवणारे सगळे माझ्या खिशाकडं बघू लागले. म्हातारा सासऱ्यांकडं वळला आणि मुंबईच्या गोदीतल्या स्वच्छ हिंदीत म्हणाला,

"तांडेल, अब मैं बोलूँ, के तुम बोलेगा?"

माझा हात खिशातच राहिला.

सासरे शांतपणे बोटं चाटत म्हणाले, "जावई, हे नाखुदा आहेत. जहाजाचे कप्तान. चाळीस वर्षं कुवेतहून मुंबईला जहाज नेलंय. हे हॉटेल नाही. हे त्यांचं घर आहे. वसंतात मुलाबाळांना घेऊन हवा खायला आलेत. तुमच्याबरोबर जेवले ते त्यांचे मुलगे आणि जावई."

"तुम्हाला केव्हा कळलं?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"दोराची गाठ बघितली तेव्हा. अशी गाठ दर्यावरचा माणूसच मारतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही सात वर्षं ह्या रस्त्यावर आहात," सासरे म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगू?"

आता सांगतो, तेव्हा मला वाटलं की वाळवंटानं तोंड उघडावं आणि मला लॉरीसकट गिळावं. मी उठलो, नाखुदांचे हात धरले, अरबी, हिंदी, कोकणी जेवढी भाषा येत होती तेवढी सगळी वापरून माफी मागितली. नाखुदा हसून हसून लाल झाले. म्हणाले, आमच्याकडं दारात आलेल्याला तू कोण, कशाला आलास, असं विचारत नाहीत. फक्त कॉफी पातळ होती हे त्यांना मान्य नव्हतं. ते त्यांनी मला तीनदा सांगितलं.

रुकिया बाहेर आली ती सगळी धुपानं घमघमत. त्या बायकांनी तिच्या केसांना धूप दिला होता, हाताला अत्तर लावलं होतं.

"तुला पण ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अहो, कुठल्या चहाखान्यात केसांना धूप देतात?" ती म्हणाली. "तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा आम्ही पडद्याआडून बघत होतो. आचारी धावत सांगायला आला की कुणीतरी सरकारी माणूस तपासणीला आलाय!"

परतताना नाखुदांच्या मुलानं आमच्यापुढं मोटार घालून डांबरी रस्त्यापर्यंत पोचवलं. जहरा येईपर्यंत मी नुसते गिअर बदलत राहिलो. मग सासऱ्यांनी विचारलं,

"जावई, वाटेत तुम्ही रोज काय खाता?"

मी समोर बघत म्हणालो, "कांदा-रोटी."

"आणि झोपता कुठं?"

"लॉरीखाली."

"मग दोन दिवस हे नाटक कशासाठी?"

शेवटी जे तोंडात आलं तेच बोललो. "ती गेली तर घरात कुणी नसतं, मामू."

मध्ये बसलेली रुकिया पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सासऱ्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "राहू दे तिला. ज्या मुलखात तुमच्यासारख्याला न हाकलता कोकरू खाऊ घालतात, तिथं माझी लेक उपाशी मरणार नाही."

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांनी पुढं सांगितलं, "पण तिकीट फुकट जायला नको. तिच्या जागी तुम्हीच चला माझ्याबरोबर. गावात रस्ता एकच आहे, तिथं तुम्ही चुकणार नाही."

रुकिया हसली. सासरे हसले नाहीत. मी रात्रभर विचार करत होतो, मामू चेष्टा करतायत की खरंच मला घेऊन जाणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासरे नमाजाआधी वजू करायला उठायच्या आत, मी त्यांच्या खिशातलं ते दुसरं तिकीट काढलं आणि बोटीच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसलो. कारकुनानं कुलूप उघडताच म्हणालो, "हे रद्द करा." त्यानं तिकीट उलटसुलट बघितलं. "बाईंचं जाणं रद्द झालं?"

"बाईंचं कालच झालं," मी म्हणालो. "आता माझं करा!"