रोज दोन हाका

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथली रीत अशी की कुणाच्या दारात गेलं तर दोन हाका मारायच्या. ओ आली नाही तर माणूस कामात आहे असं समजून परतायचं. तिसरी हाक म्हणजे आगाऊपणा.

मी महाडला एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर, आई वाडीत म्हशींपाशी एकटी. तिचा फोन नेमका मीटिंगमध्ये यायचा. एकदा मी तिच्यावर खेकसलो. मग वाईट वाटलं म्हणून, आणि हुशारी मिरवायला म्हणूनही, पायथनमध्ये छोटं अॅप लिहिलं. तिने मोबाइलवर हवं ते लिहून ‘पाठवा’ दाबायचं. मी वस्तू एसटीने धाडायचो. सर्व्हरवर पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवला. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा तो. अॅपचं पान तोच दाखवी, चिठ्ठी आत माझ्या प्रोग्रामकडे देई, आणि ती मिळाली की पानावर ‘पोचली’ असं उमटे. दोन महिने तिच्या गोळ्या वेळेवर गेल्या. ऑफिसात मी फुशारकी मारून घेतली.

प्रोग्राम मात्र मी हातानेच चालू केला होता. सर्व्हर रीस्टार्ट झाला तर तो आपोआप उठावा, ही चार ओळींची सोय मी उद्यावर ढकलत राहिलो. एका रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला. प्रॉक्सी उठला, प्रोग्राम उठला नाही. चिठ्ठी येत नाही म्हणजे आईचं बरं चाललंय, असं मी धरून चाललो. साधा फोन केला नाही. लाज वाटते लिहिताना.

आठव्या दिवशी शेजारच्या काकीचा फोन आला. आईला झटका आला, खाली आणताना वाटेतच गेली. उशाशी प्रेशरच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

काकी म्हणाली, “मी बोलले तिला, फोन लाव. तर बोलली, रोज दोन हाका देते त्याला. कामात असंल. तिसरी नाय मारायची.”

तेराव्यानंतर मी प्रॉक्सीच्या नोंदी उघडल्या. सात सकाळी, दोन-दोन ओळी. प्रत्येकीपुढे पाचशे दोन हा आकडा, म्हणजे आतून उत्तर नाही. चिठ्ठीतला मजकूर नोंदीत नसतो.

तिच्या मोबाइलवर ते पान अजून उघडं होतं. चौकटीत लिहिलं होतं, ‘गोळ्या संपल्या. सवड झाली की धाड. घाई नाय.’

मी प्रोग्राम चालू केला आणि तिच्या मोबाइलवर ‘पाठवा’ दाबलं. लगेच उमटलं, ‘पोचली’.