सासूबाईंची नवसाची बुडी

लग्न होऊन चांद्याला आले तेव्हा सासरी माझं कशावाचून अडलं नाही, फक्त नदीवाचून अडलं. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीवर टरबूज-डांगराच्या वाड्या लागायच्या, आणि तिथं जाता-येता डोहात बुड्या मारतच आम्ही बहीणभावंडं वाढलो. सासरी विहीर होती आणि विहिरीशी सासूबाई होत्या. दोन बादल्यांत अंघोळ उरकायची. सुनेला पोहता येतं हे त्या घरात कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

सासूबाईंचं दुःख वेगळंच होतं. माझे यजमान लग्नाआधी अहेरीकडच्या जंगलात कारकुनी करायचे. तिथून ते हिवताप घेऊन परतले. पाणथरी सुजून पोट फुगलेलं, अंगावर नुसती कातडी. तेव्हा सासूबाईंनी मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला होता, की पोरगा उठून बसला तर शिवरात्रीला येऊन वैनगंगेत डोक्यावरून बुडी मारीन. पोरगा उठून बसला, शाळेत मास्तर झाला, माझ्या हातचं खाऊन चांगला गरगरीत झाला. नवस मात्र तसाच राहिला, कारण मार्कंड्याची वाट पुन्हा त्याच तापाच्या मुलखात जाते. तापाचा नवस फेडायला पोराला तापातच न्यायचं कसं, हे त्यांना सुटेना, आणि एकटीनं जायची हिंमत होईना. "फेडल्याबिगर मरतो मी," असं म्हणायच्या आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा खरंच उतरायचा.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर यजमान सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं विचारून आले. घरी येऊन त्यांनी वर्गात शिकवावं तसं आम्हाला समजावलं. जत्रेला जाणाऱ्यानं कॉलऱ्याची सुई घेतलीच पाहिजे, नाहीतर वाटेतूनच परत पाठवतात. नदीपलीकडच्या गावांत देवीची साथ आहे, तेव्हा लहानपणी टोचलेलं असलं तरी देवी पुन्हा टोचून घ्यायची. आणि हिवतापासाठी आठवड्याला एक पांढरी गोळी, शिवाय मच्छरदाणी. माझं काय, माहेरच्या वाटेला जायला मिळतंय म्हटल्यावर मी सुयांची अख्खी डबी टोचून घ्यायला तयार होते.

सासूबाईंचा सगळ्यालाच विरोध असेल असं मला वाटलं होतं. पण कॉलऱ्याची सुई त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता घेतली. दंड सुजला तरी भाकरी थापत राहिल्या. गोळी कडू जहर होती. ती स्वतः गुळात घालून गिळायच्या आणि मुलाला तोंड उघडायला लावून जिभेखाली दडवली नाही ना, हेही बघायच्या. मच्छरदाणीवर थोडी कुरकुर झाली. "जितेपणीच मासोळीवानी जाळ्यात निजाचं काऊन?" असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच सुईदोरा घेऊन तिची भोकं शिवायला बसल्या.

अडलं ते देवीपाशी. आमच्याकडे देवी टोचणं म्हणजे नुसतं टोचणं नव्हतं, देवीला घरी बोलावणं होतं. ती आली की घरात फोडणी नाही, तेल नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा. आणि दंडावरची खपली पडेपर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. तेव्हा देवी लवकर टोचून घ्यावी, म्हणजे शिवरात्रीपर्यंत खपली पडून मोकळं होता येईल, एवढा साधा हिशेब होता. मी तो रोज सासूबाईंपुढे मांडत होते.

"आत्याबाई, उद्याच टोचून घ्या."

"पौषात देवीले बोलावते का कोणी? माघ लागू दे."

माघ लागला. मग म्हणाल्या, रथसप्तमी होऊ दे. ती झाली तर म्हणाल्या, देवीचा वार शुक्रवार, तेव्हा शुक्रवारी जाऊ. माझं डोकं फिरायची पाळी आली. मी आणि यजमान आधीच टोचून आलो होतो. आम्हाला नुसता लाल ठिपका उठला आणि गेला. ते बघून सासूबाई निर्धास्त झाल्या होत्या. "तुमच्या जवान दंडावर नाई उठली, माह्या म्हाताऱ्या दंडावर काय उठते?"

उठली. अशी उठली, की देवी टोचणारा माणूस बघायला आला तेव्हा खूश होऊन गेला. सासूबाईंचं तोंड बघवत नव्हतं. घरात फोडणी बंद झाली आणि यजमान पाणचट वरण ओरपत माझ्याकडे असे बघत, जणू देवी मीच टोचली होती. शिवरात्र जवळ आली तशी फोडावर काळी खपली धरली. सासूबाई रोज उन्हात दंड वळवून वळवून बघायच्या, पण खपली चिकटून बसलेली. तिला नख लावायची त्यांची छाती नव्हती. शेवटी तशाच निघाल्या. दर्शन तरी होईल, म्हणाल्या.

मूल गावापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी आणि नदी डोंग्यातून. रात्री मच्छरदाणीत आम्ही तिघं टोपलीतल्या वांग्यांसारखे खच्चून निजलो. सांगूनच टाकते, ताप आमच्यातल्या कोणालाही आला नाही.

शिवरात्रीच्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दोघी थोड्या वरच्या अंगाला रिकाम्या काठावर गेलो. यजमान बेल आणायला गेले होते. समोर हजारो बाया भराभर बुड्या मारत होत्या, आणि सासूबाई दंड पदराखाली झाकून रेतीवर बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी नदीपर्यंत येऊन त्या कोरड्याच राहणार होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस मनात केलेली सगळी भांडणं विरघळून गेली.

"आत्याबाई, तुमच्या नावानं मी मारते बुडी. तुम्ही नुसता हात पाण्यात ठेवा. आमच्या गावात चालते असं."

त्या पाण्याशी सरकल्या. मग पाण्यात बोटं बुडवून म्हणाल्या, "मार. पण माह्या नावची हाये, अर्धीमुर्धी नको मारू."

मी पदर खोचला आणि डोहात शिरले. त्यांचं नाव घेतलं, महादेवाचं घेतलं आणि तळापर्यंत गेले. खरं सांगते, खाली गेल्यावर मला कोणाचंच नाव आठवलं नाही. ते गार हिरवं पाणी, तळाची मऊ रेती, कानात होणारा तो दाब! किती वर्षांनी भेटत होतं सगळं. मी तळालगत सरकत सरकत लांब गेले, छाती फुटायला आली तेव्हा वर आले.

वर आले तर घाटावरच्या बायांचा आरडाओरडा चाललेला. रेतीवर सासूबाई नव्हत्या. मी बुडाले त्या जागी त्या गळ्याइतक्या पाण्यात उभ्या होत्या, पोहता न येणाऱ्या, आणि दोन्ही हातांनी पाणी चिवडत मला शोधत होत्या. तेवढ्यात त्यांचा पाय घसरला आणि त्या डोक्यासकट खाली गेल्या. मी सपासप हात मारत पोचले, काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. त्यांनी माझं मनगट असं धरलं, की बांगडी पिचली.

"कुठी गेली होती वं? कुठी गेली होती?"

"आत्याबाई, डोकं भिजलं तुमचं."

त्यांनी केसांना हात लावला. मग दंडाकडे बघितलं. ओल्या खपलीवरून पाणी निथळत होतं. त्या घाबरतील असं मला वाटलं, पण त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"भिजू दे," त्या म्हणाल्या. "देवीले कळते. तिलेई लेकरं हायेत."