वडाळ्यातलं घड्याळ आपोआप फोन उचलतं

“ते बंद करू नका मॅडम. अब्बा फोन उचलतात.”

घोटीहून बोलणाऱ्या शबानाताईंनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी नुसतं “हो का” म्हणून मोकळी झाले. मग समोरची तक्रार पुन्हा वाचली. ती त्याच घड्याळाबद्दल त्यांच्या भावाने केलेली होती. भाऊ इम्रान, नाशिकला वडाळ्यात राहणारा. त्याचं म्हणणं, घड्याळ आपोआप फोन उचलतं, ताबडतोब बंद करा. आणि ते ज्यांच्या मनगटावर होतं ते या दोघांचे वडील, रफीकभाई. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर कित्येक महिने इम्रानच्या घरी खाटेवर. बोलणं बंद, नजर छताला. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना फारसं काही कळत नसावं. नाडीवर लक्ष राहावं म्हणून मुलीने घड्याळ बांधलं होतं.

मी स्मार्टवॉच बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. ऑफिस अंबडला. पदाचं नाव लांबलचक आहे, काम एकच: लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्या इंजिनिअरांना समजतील अशा करून सांगायच्या. त्या दिवसांत शिव्यांना तोटा नव्हता. पूर्वी आमच्या घड्याळात मनगटाला झटका दिला की फोन उचलला जायचा. नव्या अपडेटमध्ये आम्ही हे जेस्चर, म्हणजे हाताची खूण, बदललं. आता अंगठा दोनदा बोटाला टेकवायचा. याला पिंच म्हणतात. चिमटीच ती. माझा बॉस निखिल वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, बंगळुरूहून नवीनच आलेला. तो या चिमटीवर बेहद्द खूश होता.

लोक नव्हते. पिंपळगावचा एक द्राक्षबागायतदार मला म्हणाला, “ताई, घडातले जादा मणी काढत होतो. सासऱ्यांचा फोन आपोआप उचलला गेला, आन् मी बायकोला त्यांच्याबद्दलच सांगत होतो. लय वांधे झाले.” कुणी भाजीत मीठ टाकताना, कुणी कुंकू लावताना अडकलं. असल्या प्रकाराला आम्ही फॉल्स ट्रिगर म्हणतो. माणसाच्या मनात नसताना हातून खूण होते आणि घड्याळ ती खरी मानतं. शेवटी निखिलने ठरवलं, सोमवारी पिंच सगळ्यांच्याच घड्याळातून काढून टाकायची. ग्राहकांना तसा मेसेज गेला आणि त्यावरच शबानाताईंचा फोन आला होता.

“नेमकं काय होतं?” मी विचारलं.

“मी रोज संध्याकाळी अब्बांच्या मोबाईलवर फोन करते. आधी भाभी उचलून त्यांच्या कानाला लावायची. आता तिच्या आधीच उचलला जातो. पलीकडे कोणी बोलत नाही. श्वास ऐकू येतो. मी बोलत राहते.”

“दुसऱ्या कुणी केला तर?”

“भाई सकाळी दुकानातून करून बघतो. त्याचा नाही उचलत.”

मग त्यांनी फोन करण्याचं खरं कारण सांगितलं. इम्रानने वडिलांना पुण्याजवळच्या एका केंद्रात ठेवायचं ठरवलं होतं. तिथे खाटेवरचे पेशंट सांभाळतात. रविवारी गाडी येणार होती. इम्रानच्या मते त्यांना इथे काय आणि तिथे काय, सारखंच.

“त्यांना कळतं मॅडम. दाखवायला माझ्याकडे तो फोन सोडून काही नाही.”

निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, “सुजाताताई, हात थरथरत असणार. सरळ फॉल्स ट्रिगर आहे. तुम्ही कशाला जाताय?”

“बघायला.”

“आणि थरथरच निघाली तर त्या बाईंना काय सांगणार?”

तरी शनिवारी दुपारी वडाळ्याला गेले. शबानाताई घोटीहून आल्या होत्या. इम्रान मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून घरी थांबला होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली.

“मी दगड नाही मॅडम,” तो पहिल्यांदा हेच बोलला. “रात्रभर कूस बदलावी लागते त्यांची. बायकोची कंबर गेली. माझंही होत नाही आता.”

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

रफीकभाई आतल्या खोलीत होते. गळ्यापर्यंत चादर. डावा हात आखडलेला, म्हणून घड्याळ उजव्या मनगटावर. मोबाईल शेजारच्या स्टुलावर. मी माझ्या फोनवरून रिंग दिली. घड्याळ गुरगुरलं आणि गप्प झालं. शबानाताईंनी केला. तेच. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा केला. चौथ्यांदा त्या स्क्रीनकडे बघायचंच टाळत होत्या.

“हात हलतो त्यांचा मधूनच,” इम्रान म्हणाला. “नसा उडतात, डॉक्टर बोलले. तेव्हा उचलला जात असेल.”

तेवढ्यात त्याच्याच मोबाईलवर केंद्राच्या माणसाचा फोन आला. इम्रान खाटेच्या कडेवर बसूनच बोलला. “हां, उद्या सकाळी पाठवा गाडी. नाही नाही, त्रास काही नाही देणार. त्यांना काही समजतच नाही.”

मी रफीकभाईंकडे बघितलं. नजर छतालाच होती.

चहा आला, थंड झाला. निघावं असं मनात होतं, पण शबानाताईंना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान झाली. इम्रान टोपी घेऊन मशिदीकडे गेला. शबानाताई नमाजला बाहेरच्या खोलीत गेल्या. भाभी स्वयंपाकघरात. मी आणि रफीकभाई, दोघंच उरलो. दिवा कुणी लावला नव्हता. इतका वेळ ऐकू न आलेला त्यांचा श्वास आता नीट ऐकू येत होता.

स्टुलावरचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. मी हात पुढे करेपर्यंत रिंग थांबली आणि चादरीखाली उजेड पडला.

“नमस्कार सर,” चादरीतून एका मुलीचा आवाज आला. “आपल्याला पर्सनल लोनची गरज आहे का? हॅलो? सर, माझा आवाज येतोय का?”

खरं सांगते, मी भ्यायले. पळून जावंसं वाटलं. ती मुलगी तीन-चारदा हॅलो म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी चादर बाजूला केली.

अंगठा चालत होता. करंगळीच्या पेरांवरून शेजारच्या बोटावर, तिथून पुढच्या. एकही पेर सुटत नव्हतं. बाकी सगळा माणूस लाकडासारखा पडलेला आणि तो एक अंगठा कामावर असल्यासारखा. थरथर अशी नसते. तर्जनीशी आला की अंगठा पेरांवर लागोपाठ टेकायचा, आणि आमचं घड्याळ त्यालाच पिंच समजत होतं.

मी हाक मारली. शबानाताई आल्या. मागोमाग इम्रान परतला आणि दारातच थांबला.

“तस्बीह पढतायत,” तो म्हणाला.

नमाजनंतर अल्लाचं नाव ठरावीक वेळा घेतात आणि बोटांच्या पेरांवर मोजतात. माझे सासरे त्र्यंबकला जप असाच मोजायचे. तरी टेस्टिंग करताना आमच्यापैकी कुणालाही पेरांवर मोजणारा हात आठवला नव्हता. शबानाताई रोज आपली नमाज आटोपून फोन करायच्या. त्याच वेळी इकडे त्यांच्या अब्बांचं मोजणं चाललेलं असायचं. इम्रानच्या सकाळच्या फोनला हात नुसताच पडलेला.

आमच्या डोळ्यांदेखत मोजणं संपलं. अंगठा थांबला तो थांबलाच. म्हणजे त्यांना अजान ऐकू येत होती. वेळ कळत होती. कुठे थांबायचं तेही कळत होतं.

“अब्बा?” इम्रान म्हणाला. नजर हलली नाही.

मग त्याने खाटेच्या कडेकडे बघितलं. “मी इथेच बसून बोललो.”

“रोज इथेच बसून बोलत असशील, भाई,” शबानाताई म्हणाल्या.

गाडी आली नाही. डॉक्टरांनी रफीकभाईंना पुन्हा तपासलं आणि आधीचं मत मागे घेतलं. बोलणं काही परत आलेलं नाही. सोमवारी मी निखिलशी भांडून पिंच ठेवायला लावली. सगळ्यांच्या घड्याळात ती आता मुळात बंद असते, हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. वडाळ्यातल्या घड्याळात ती चालू आहे.

महिन्याभराने मी इम्रानला फोन केला. कामाचाच, अपडेट नीट चाललाय का विचारायला.

“चाललाय,” तो म्हणाला. “पण मॅडम, आता त्यांच्यासमोर काय बोलावं तेच समजत नाही. सगळे बाहेर गल्लीत येऊन बोलतो.”

“मग आत काय बोलता?”

“शबानाचा फोन येतो ना रोज. तीच बोलते,” तो म्हणाला.

हाताची खूण ओळखणारं मशीन आम्ही विकतो. ती ओळखल्यावर त्या माणसाशी काय बोलायचं, ते सेटिंगमध्ये नसतं.