वाघदेवाशी भांडण

मी सातवीत असताना सातपूरच्या एका कारखान्यात बाबांच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. अंगठा तेवढा राहिला. पुढची वर्षं आईने फुलं विकून घर ओढलं. बाबांनी देव सोडला आणि देवाबरोबर माणसंही सोडली. लग्न नाही, जत्रा नाही. हात कायम खिशात. आमची जेवणं उरकली की भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने, चमच्याने जेवायचे.

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान. पेपरात प्रश्न आला, ईश्वर प्रेमळ आहे तर जगात दुःख का? मी चार पानं लिहिली, मार्कही चांगले पडले. बाबांनी एवढंच विचारलं, "मग उत्तर काय लिव्हलंस?" मला सांगता येईना. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि घरच्या माणसापुढे गप्प. ते मला फार लागलं.

दिवाळीच्या तोंडावर माझी वर्गमैत्रीण मंजुळा हिने मी पास झाले म्हणून तिच्या पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) जेवायला बोलावलं. बाबांना घेऊन जा, हा आईचा हट्ट. बाबा म्हणाले, देवाचं काही नसेल तर येतो. मी बेधडक सांगून टाकलं, काही नाही.

सकाळी पेठला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. सावळघाट चढताना दोन्ही अंगांनी पिकलेला भात दिसू लागला. डोंगराच्या उतारावर मिळेल तेवढ्या तुकड्यात लावलेला. बाबा निफाडच्या सपाटीवर वाढलेले. म्हणाले, "हितं नांगर धरायचा म्हंजी आधी सोताला झाडाला बांधून घ्यावं लागंल." करंजाळीला उतरून तासभर चाललो. ओहोळात पाय घसरून माझ्या नव्या चपलेचा पट्टा तुटला, आणि पदवीधर बाई अनवाणीच पाड्यात शिरल्या.

मंजुळाच्या आईने नागलीची (नाचणीची) गरम भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी पुढे ठेवली. बाबा पाठ फिरवून बसले. कोणी काही विचारलं नाही. तेवढ्यात सगळा पाडा तांदूळ, गूळ, पातेली घेऊन रानाकडे निघाला. मंजुळा म्हणाली, चला, आज वाघबारस.

इथे माझी चूक उघडी पडली. आमच्या शहरात त्या दिवशी वसुबारस, गाय-वासराची पूजा. मला वाटलं, इथेही तेच असेल आणि ते घरच्या गोठ्यात उरकेल. पण डोंगरात त्याच दिवशी गाय नेणाऱ्या वाघाला पुजतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "फसवलंस," म्हणाले. परतीची गाडी थेट संध्याकाळी, म्हणून नाइलाजाने मागून आले आणि लांब एका सागाखाली उभे राहिले.

वाघ कोरलेला एक दगड, शेंदूर लावलेला. शेजारी मोठ्या पातेल्यात नव्या तांदळाची खीर शिजत होती. या पाड्याची रीत अशी, की खिरीआधी भांडण. ज्याचं वर्षभरात काही गेलं, त्याने देवाला तोंडावर सुनवायचं. एका गुराख्याने गोऱ्हा गेल्याबद्दल दगडाला आळशी, ऐतखाऊ म्हटलं. एक म्हातारी दगडापुढे बोट नाचवत म्हणाली, "गाभण शेळी नेलीस. लाज नाय वाटली?" लोक हसत होते, पण तिचे डोळे भरले होते.

मग मंजुळाचे आजोबा बाबांकडे वळले. "पाव्हणं, तुमचं काय नेलं?"

मला वाटलं, आता बाबा निघून जाणार. पण ते सावकाश दगडापाशी आले आणि हात खिशातून काढला.

"चार बोटं नेलीस," ते म्हणाले. "पोरगी सातवीत व्हती. मी काय वाकडं केलं व्हतं तुझं?" आवाज चढत गेला. आईच्या टोपलीपासून माझ्या फाटक्या दप्तरापर्यंत सगळं काढलं. शेवटी दम लागला तेव्हा आजोबांना म्हणाले, "आनि एवढं नेऊनबी ह्याला खीर?"

"त्याला एक पान," आजोबा म्हणाले. "बाकीची आपल्याला. ज्याचं जास्त गेलं त्याला आधी वाढायची, आनि सगळ्यांनी त्याला धरून बसायचं. देवावर रागवा ना. परक्यावर कोण रागवतं?"

पहिलं पान बाबांना. शेळीवाली म्हातारी त्यांना खेटून बसली आणि खीर गार होईल म्हणून दटावू लागली. चमचा नव्हताच. बाबांनी अंगठा आणि तळव्याने खीर उचलली. थोडी सदऱ्यावर सांडली. म्हातारी म्हणाली, माझीपण सांडते, दात नाय. बाबा हसले. मी खाली बघून माझं पान चाटत राहिले.

जेवणानंतर मंजुळाचे मिशीवाले काका अंगाला कोळशाचे पट्टे ओढून वाघ झाले आणि सगळे काठ्या घेऊन त्यांच्यामागे धावले. सगळ्यात पुढे बाबा. शेणात घसरून पडले, उठले, पुन्हा धावले.

संध्याकाळच्या गाडीत त्यांच्या सदऱ्याला खिरीचा आणि शेणाचा वास येत होता. मी पेपरातल्या प्रश्नाचाच विचार करत होते. माझ्या चार पानांत मोठमोठी मतं होती, पण ज्याचं गेलं त्याच्याशेजारी बसायचं, हे कुठेच नव्हतं. दुःख का, ते पाड्यावरही कोणी सांगितलं नाही. पण देव प्रेमळ असेल तर तो त्या म्हातारीसारखा खेटून बसत असणार, असं मला वाटतं.

पुढच्या महिन्यात भावकीतलं लग्न होतं. बाबा आले, पंगतीत बसले आणि उजव्या हाताने जेवले.