पिवळी बोटं

प्रयोगशाळेत तिला सगळे पिवळी ताई म्हणत. एका मुळीचा अर्क काढता काढता तिची बोटं कायमची पिवळी झाली होती; साबणानेही हात टेकले होते. त्या अर्काने फुप्फुसाची जबर सूज उतरते, हे तिने उंदरांवर दाखवलं होतं, आणि घरी तर त्याचा डंकाच पिटला होता. बाईंना आपलं कौतुक सांगायला भाऊ-भावजय आयते मिळत.

आता तोच भाऊ, तिचा दादा, न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होता. फुप्फुसं सुजलेली, श्वास नळीतून. बाहेरच्या बाकावर वहिनीने तिचा हात घट्ट धरला.

"वन्सं, तुमचं औषध आणा."

"अगं, ते अजून कुठल्याच माणसाला दिलेलं नाही."

"उंदीर वाचले ना? मग? डॉक्टरांना कशाला सांगायचं? मी देते अन्नाच्या नळीतून. सगळं माझ्या अंगावर घेते."

ती प्रयोगशाळेकडे निघाली. मनाने तर तिने औषधाची कुपी केव्हाच पर्समध्ये टाकली होती.

प्रयोगशाळेत येऊन तिने कुपी काढली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. जरा धीर यावा म्हणून तिने उंदरांच्या फुप्फुसांचे जुने काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. औषध कोणत्या उंदराला दिलंय ते कळू नये म्हणून चिठ्ठ्या झाकून तिनेच सूज मोजली होती. एका कापाच्या कडेला पुसट पिवळा रंग दिसला. दुसऱ्यालाही. औषध दिलेल्या प्रत्येक कापावर तिच्याच मुळीचा रंग होता. चिठ्ठ्या झाकल्या, रंग कोण झाकणार? आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टीखालून दिसावं, तसं तिला सगळं दिसत होतं. आणि आपल्या लेकराला झुकतं माप द्यायला कुणाला शिकवावं लागत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे कारलं म्हणत. तिने कापांचे काळे-पांढरे फोटो काढून त्याच्यापुढे ठेवले. "सूज मोजून दे. काही विचारू नकोस."

तो मोजत बसला, ही नखं खात बसली. मग तिने त्याचे आकडे ताडून पाहिले. औषध दिलेले, न दिलेले, सूज सारखीच.

"पुन्हा मोजू का?" कारलं पहिल्यांदाच गोड आवाजात म्हणालं.

"नको." तिने कुपी फ्रीजमध्ये परत ठेवली आणि तिथेच उभी राहून रडली.

वहिनीला तिने सरळ सांगितलं, "ते औषधच नाही गं. मी चुकले." वहिनीने तोंड फिरवलं. त्यानंतर दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. दादाचं बरंवाईट झालं असतं तर वहिनीने जन्मात तिचं तोंड पाहिलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

पण दादा चिवट हाडाचा. डॉक्टरांच्या उपचारांना त्याने साथ दिली, सूज उतरली, नळी निघाली. वहिनी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली.

"मला माहीत होतं! नाही नाही म्हणत गुपचूप दिलंतच ना?"

"वहिनी, शपथेवर सांगते, थेंबसुद्धा दिला नाही."

वहिनी डोळे पुसत नुसती हसली. समोरच्या बाकावरचा एक बाप उठून जवळ आला. त्याची लेक आत होती, तशीच नळी लावलेली.

"ताई, आमच्या पोरीलाही द्या."

"अहो, त्याने काही होत नाही. मी स्वतः बघितलंय."

तो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. हात जोडून तो तिच्या पिवळ्या बोटांकडे बघत होता.