सुनंदाबाईंनी विकत घेतलेले पेपर

त्या सकाळी वडनेर भोलजीत कुणाच्याच घरी पेपर आला नाही. सगळा गठ्ठा नांदुऱ्यात माझ्या टेबलावर होता. समोर माझ्या पक्षकार, भाजी विकणाऱ्या सुनंदाबाई. शेजारी त्यांची मुलगी प्रणाली, कपाळाला हात लावून.

"एवढे पेपर काऊन घेतले?" मी विचारलं.

"आज आमचं नाव छापून येऊन राह्यलं ना! तुमीच तं सांगतलं. स्टँडवरूनच उचलले समदे. लोकायनं वाचलं तं पोरीचं लगन कोन जमू देईन?"

प्रणालीने एज्युकेशन लोन काढून फार्मसी केली. नोकरी मिळाली मेडिकलच्या काउंटरवर. पगारात व्याजही निघेना. वसुलीवाले घरी, दुकानात, फोनवर. पोरीने आधी फोन उचलणं सोडलं, मग धड जेवणं. म्हणून आम्ही कोर्टात नादारीचा अर्ज केला. नादारी म्हणजे, फेडायला यांच्याकडे खरंच काही नाही हे कोर्टाने तपासून मान्य करायचं. मग बँकेने दारात यायचं नाही, काय ते कोर्टात बोलायचं. लोनवर सहकर्जदार म्हणून आईचीही सही. एकट्या मुलीला सोडवलं असतं, तर वसुलीवाले आईकडे वळले असते. म्हणून अर्ज दोघींचा, आणि अशा अर्जाची कोर्ट पेपरात जी जाहीर नोटीस द्यायला लावतं, तीत नावंही दोघींची.

तरुणपणी मी या बाईंना तासभर कलमं ऐकवली असती. तेव्हा मी भाजी आणायलाही काळा कोट घालून जायची, लोकांना कळावं म्हणून. भाजीवाल्या भाव वाढवून सांगायच्या, तेवढाच त्या कोटाचा उपयोग. आता मी चष्मा लावला आणि पेपर उघडला.

"सुनंदाबाई, नोटीस यात नाही. उद्याच्या पेपरात आहे."

"उद्याचेही घेतं काय, आई?" प्रणाली म्हणाली.

"पैसे कुठी हायेत आता!"

प्रणाली फिसकन हसली. मीही.

एरवी जाहीर नोटीस कोण वाचतं? पण एक दिवस पेपर गायब झाल्यावर दुसऱ्या दिवशी गावाने तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचून काढला.

सुनावणीत बँकेचे वकील म्हणाले, "मुलगी शिकलेली आहे. उद्या कमावेल."

"कमावली की देईल," मी म्हटलं. "आधी तिला कामावर शांतपणे उभं तर राहू द्या."

जजसाहेबांनी दोघींना नादार ठरवलं, संरक्षण दिलं. कर्ज पुसलं गेलं नाही. त्याचा निर्णय पुढे, कोर्ट सगळं पाहून करेल. पण फोन थांबले.

काही दिवसांनी सुनंदाबाई पुन्हा दारात. मागे गावातली तीन माणसं.

"हे कोण?"

"लोनवालेच हायेत, बाई. कोनाच्या पोराचं इंजिनिअरिंग, कोनाच्या पोरीचं नर्सिंग. नोटीस वाचून घरी आले. मले वाटलं, नावं ठेवाले आले. तं तुमचा पत्ता इचारून राह्यले!"

"आणि प्रणालीचं लग्न?"

"पोरगी जेवते आता. लगनाचं मंग पाहू."

तेव्हापासून नादारीच्या पक्षकाराला मी दोनच गोष्टी सांगते. अर्जात खरं तेवढंच लिहा, आणि पेपर एकच घ्या.